सुरणाचा जपानी भाऊ



आज मी तुम्हांला एका कंदाची गोष्ट सांगणार आहे. कंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी सुरण येतो. सुरण कोणाला माहीत नाही? परसात, केळीच्या सावलीत, गोठ्याच्या मागे तो उगवतो. चिंच किंवा कोकम घातले की त्याची भाजी छान होते. आणि कच्चा राहिला, की घसा असा खाजवतो की विचारू नका!

या आपल्या सुरणाला एक भाऊ आहे. तो फार दूर राहतो. तिथे थंडीत रात्री पाणी गोठते. जमिनीवर पांढरे हिंव पडते. सुरणाला असली थंडी सोसत नाही. मग हा भाऊ तिथे जगतो कसा? त्याला जगवतात कोण? आणि त्याच्या गोष्टीतून आपण काय घ्यायचे? हे आज पाहू.

आधी या घराण्याची रीत समजून घेऊ. सुरण मुळात रानातला. मोठ्या झाडांखाली, पाचोळ्यात, अर्ध्या सावलीत वाढणारा. बाकीची झाडे पुष्कळ पाने काढतात. सुरण तसे करत नाही. लहान कंद वर्षाला बहुधा एकच पान काढतो. आपण ज्याला सुरणाचा दांडा म्हणतो तो खोड नव्हे, बरं का. तो त्या एका पानाचा देठ. वर छत्रीसारखे पसरलेले असते ते सारे मिळून एकच पान.

आता जमिनीखाली काय चालते ते ऐका. पावसाळ्याच्या तोंडावर जुना कंद आपल्या पोटातले सत्त्व खर्चून पान वर काढतो. पान ऊन पिते, अन्न तयार करते आणि खाली पाठवते. त्या अन्नावर नवा कंद वाढतो. जुना मात्र सुकून संपतो. म्हणजे मागच्या वर्षीचाच कंद फुगून मोठा होतो असे नाही. दर वर्षी नवा कंद होतो. चांगले वर्ष असले तर तो जुन्यापेक्षा मोठा होतो. आणि मध्येच पान मोडले तर? तर त्या वर्षाची कमाई बुडाली. म्हणून सुरणाच्या पानाला गुरांपासून आणि वाऱ्यापासून जपावे लागते.

आपल्या ठाणे, पालघर, रायगडकडच्या रानात शेवळे येतात. तीही याच घराण्यातली. पहिल्या पावसाच्या सुमारास पान यायच्या आधी फुलाचा कोंब येतो. त्याची भाजी करतात. ती खाजू नये म्हणून काकडाची आंबट फळे घालतात. आपल्या आयाबायांना हे शिकवायला कोणी पुस्तक दिले नव्हते. खाजेला आंबटाचा उतारा, हे त्यांनी अनुभवाने शोधले. या कंदांत सुईसारखे बारीक खडे असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण जिभेला आणि घशाला टोचतात. खाज येते ती त्यांची.

आता त्या दूरच्या भावाकडे वळू. जपानी लोक त्याच्यापासून जो पदार्थ करतात त्याला कोन्न्याकू म्हणतात. कंदालाही तेच नाव. त्याचे मूळ ठिकाण दक्षिण चीन आणि त्याच्या आसपासचे डोंगर. तिथून तो फार पूर्वी जपानात गेला. आज जपानात पिकणाऱ्या कोन्न्याकूपैकी दहांतले नऊ भाग, किंबहुना अधिकच, एकट्या गुन्मा जिल्ह्यात पिकतात. हा मुलूख टोकियो शहराच्या वायव्येला आहे. डोंगराळ, उताराचा. तिथले शिमोनिता गाव कोन्न्याकूसाठी प्रसिद्ध आहे.

तिथला शेतकरी तो कसा पिकवतो? मे महिन्यात जमीन उबदार झाली की तो बेणे लावतो. कंदाच्या माथ्यावर डोळा असतो आणि डोळ्याभोवती खळगा. कंद सरळ ठेवला तर त्या खळग्यात पाणी साचते आणि डोळा कुजतो. म्हणून तो कंद थोडा कलता ठेवतो. केवढीशी गोष्ट! पण तिच्यावर पीक राहते आणि तिच्यावाचून जाते.

दोन ओळींच्या मध्ये तो सातूसारखे धान्य पेरतो. ते धान्य खाण्यासाठी नसते. ते उगवून जमीन झाकते. उन्हाळा वाढला की आपोआप वाळून आडवे पडते. मग त्याचे आच्छादन होते. तण दबते. पावसाच्या थेंबाबरोबर माती पानावर उडत नाही, म्हणून मातीतला रोग पानाला लागत नाही. रानात पाचोळा जे काम करतो ते काम शेतकऱ्याने शेतात असे करून घेतले.

ऑक्टोबरमध्ये पान पिवळे पडून लोळते. मग हिंव पडायच्या आत कंद काढायची घाई. का? कारण जमीन गोठली की कंदातले पाणीही गोठते. गोठलेला कंद पुढे सडून जातो. काढलेले कंद वारा देऊन सुकवतात आणि उबदार जागी साठवतात. जुन्या काळी घरात चूल पेटलेली असे. तिच्या उबेत माळ्यावर कंद ठेवत. म्हणजे बाहेर कडाक्याची थंडी, आणि घरात माणसांबरोबर बेणेही शेकत बसलेले! पुढच्या मे महिन्यात तेच कंद पुन्हा जमिनीत.

असे एकदा नव्हे, तीनदा करावे लागते. पहिल्या वर्षी सुपारीएवढे किंवा बोटाएवढे पिलू लावायचे. ते मोठ्या कंदाच्या बाजूला फुटलेले असते. दुसऱ्या वर्षी त्याचा झालेला कंद लावायचा. तिसऱ्या वर्षी त्याहून मोठा. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला किलो, दीड किलो, कधी त्याहून जड कंद हाती येतो. तो विकायचा.

आता हिशेब करून पाहा. आज लावलेल्या पिलाचे पैसे तीन वर्षांनी. दोन हिवाळे ते घरात जपायचे. म्हणून तिथला शेतकरी तिन्ही वयांचे कंद एकाच वेळी लावतो. थोडी पिले, थोडे एक वर्षाचे, थोडे दोन वर्षांचे. मग दर वर्षी काही ना काही विकायला निघते. पण एखाद्या वर्षी गारांनी पाने फाटली किंवा रोग शिरला, तर त्या वर्षाचा फटका पुढची दोन वर्षे जाणवतो. हे पीक उतावळ्या माणसाचे नव्हे.

काही डोंगराळ भागांत याहून जुनी रीत आहे. तिथे कंद दर वर्षी काढत नाहीत. उतारावर, झाडांच्या अर्ध्या सावलीत, वर पाला-गवताचा जाड थर घालून तो तसाच जमिनीत ठेवतात. लहान-मोठे सगळे एकत्र. त्यांतले मोठे तेवढे काढून घेतात. जिथे थंडी बेताची आणि उतारामुळे पाणी साचत नाही, तिथे हे जमते. इंग्लंडसारख्या देशांतले हौशी बागवानही तो असाच पाचोळ्याखाली लावतात. त्यांचाही अनुभव हाच, की नुसत्या थंडीपेक्षा थंडी आणि ओल एकत्र आली की कंद लवकर मरतो.

कोन्न्याकू खातात कसा? कंद उकडून कुटतात, किंवा त्याचे पीठ पाण्यात भिजवतात. त्यात चुन्याची निवळी घालतात. पूर्वी राखेचे पाणी घालत. मग ते घट्ट होते. त्याच्या वड्या पाडतात, पुन्हा उकळतात. वडी रबरासारखी लवचीक होते. शंभर भागांत सुमारे सत्त्याण्णव भाग पाणी! पोट भरते, पण अंगात फारसे बळ येत नाही. हल्ली जाड माणसे वजन उतरवण्यासाठी ते खातात. आपल्या उपाशी माणसाला त्याचा काय उपयोग, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. भाकरीची जागा ते घेऊ शकत नाही.

इथे एक धोका सांगून ठेवतो. या कंदाच्या जेलीच्या लहान वाट्या बाजारात येतात. ती जेली तोंडात विरघळत नाही. घशात अडकून काही देशांत मुले आणि म्हातारी माणसे दगावली आहेत. म्हणून युरोपात तसल्या वाट्यांवर बंदी आली. कोणी शहरातून आणली, तर लहान मुलाच्या हाती देऊ नका.

आता एका शेतकऱ्याची हकीकत ऐका. ओला कंद जड असतो. दूर न्यायला हमाली फार. शिवाय तो सडतो. म्हणून जुन्या काळी हंगामात सगळ्यांचा माल एकदम बाजारात येई आणि मिळेल त्या भावाला द्यावा लागे. हे दुखणे आपल्या कांद्या-टोमॅटोवाल्याला सांगायला नको! जपानात मितो म्हणून एक संस्थान होते. तिथे नाकाजिमा तोएमोन नावाचा शेतकरी राहत होता. अवजार लागून कापला गेलेला एक कंद त्याने पाहिला. कापलेली बाजू सडली नव्हती. ती वाळून पांढरी झाली होती. असे सांगतात, की त्यावरून त्याला युक्ती सुचली. कंदाच्या चकत्या करायच्या, वाळवायच्या आणि कुटून पीठ करायचे. ही गोष्ट १७७६ च्या सुमाराची.

पुढे ओढ्यावरच्या पाणचक्क्यांवर हे कुटण्याचे काम होऊ लागले. आपण सुपाने पाखडतो ना? कोंडा उडतो, दाणा राहतो. तसेच तिथे होते. कुटताना हलका भाग वाऱ्याने उडवतात. जड, चिकट सत्त्व खाली राहते. तेच कोन्न्याकूचे पीठ. पीठ हलके, टिकाऊ, दूर जाणारे. त्यामुळे शेतकऱ्याला घाईने विकण्याची गरज उरली नाही. एका माणसाने एक कापलेला कंद नीट पाहिला, आणि पुष्कळांचे भले झाले. त्याच्या संस्थानानेही त्याचा मान केला.

पण मंडळी, वस्तू चांगली असली तरी माणूस तिचा काय उपयोग करील याचा नेम नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या लष्कराने कागदाचे मोठे फुगे बनवले. हाताने केलेल्या कागदाचे थर कशाने चिकटवले? कोन्न्याकूच्या खळीने. ती खळ वायू बाहेर जाऊ देत नाही. शाळकरी मुलींना कारखान्यांत बसवून कागद चिकटवून घेतले. अन्नाची टंचाई अशी, की काही मुली ती खळच चोरून खात, असे सांगतात. जे ताटात पडायचे ते फुग्यांना लागले.

या फुग्यांना बॉम्ब बांधून ते वाऱ्यावर सोडले. नोव्हेंबर १९४४ पासून एप्रिल १९४५ पर्यंत नऊ हजारांहून अधिक सोडले. समुद्र ओलांडून काही अमेरिकेत पोचले. ५ मे १९४५ रोजी ओरेगॉन राज्यात ब्लाय गावाजवळच्या रानात सहलीला गेलेल्या मुलांना असा एक फुगा पडलेला दिसला. त्याचा स्फोट झाला. एक गरोदर बाई आणि पाच मुले ठार झाली. चिकटवणाऱ्या मुली, आणि मेलेली तीही मुले! कंदाचा यात काय दोष? दोष माणसाच्या बुद्धीचा.

आता गोष्ट आपल्याजवळ आणू. जावा बेटावर याच घराण्यातला पोरांग नावाचा कंद होतो. तिथे सागाच्या जंगलात, झाडांखाली, गरीब शेतकरी तो लावतात. त्याच्या पानाच्या बेचक्यांत सुपारीसारख्या गाठी येतात. त्याच बेणे म्हणून वापरतात. सागाला धक्का नाही, आणि खालच्या जमिनीत पैसा. माल चीन-जपानला जातो. व्यवस्था चांगली होती. मग २०२० च्या सुमारास भाव खूप चढला. शेजाऱ्याने पैसे केले, असे कानावर आले. झाले! जो तो पोरांग लावू लागला. महाग बेणे घेतले. पुढच्या एक-दोन वर्षांत भाव कोसळला. जे शेवटी आले त्यांचे बेण्याचे पैसेही निघाले नाहीत. ज्यांनी बेणे विकले त्यांचे मात्र काही बिघडले नाही.

ही गोष्ट मला तुम्हांला मुद्दाम सांगायची होती. आपल्याही गावांत असे लोक येतात. हातात रंगीत चित्रे असतात. परदेशी झाड, परदेशी मुळी, परदेशी कंद. 'एकरी लाखो रुपये मिळतील, माल आम्हीच परत घेऊ' असे म्हणतात. बेण्याचे पैसे आधी घेतात. माल निघण्याच्या वेळी त्यांचा पत्ता नसतो.

परदेशी पीक वाईट, असे मी म्हणत नाही. बटाटा परदेशी, मिरची परदेशी. आज त्यांच्यावाचून आपली चूल पेटत नाही. पण ती आपल्या मातीत हळूहळू रुजली. लोकांनी थोडी लावली, खाल्ली, पारखली, मग वाढवली. एका रात्रीत कोणी त्यांच्यासाठी घर गहाण टाकले नाही.

म्हणून कोणी नवा कंद घेऊन आला तर चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : हे पीक कसल्या हवेतले? थंड डोंगरावरचे झाड सोलापूरच्या उन्हात टिकेल काय? जवळच्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

दुसरा प्रश्न : पैसे किती वर्षांनी हातात येतील? कोन्न्याकूला तीन वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालणार?

तिसरा प्रश्न : माल घेणार कोण? बेणे विकणाराच माल घेणार असेल तर सावध व्हा. घेणारा वेगळा असावा. तो आपण डोळ्यांनी पाहिलेला असावा.

चौथा प्रश्न : कागदावर काय लिहिले आहे? इथे तुमची विद्या कामी येते. काल तुम्ही अंगठा उठवत होता. आज तुम्हांला वाचता येते. मग वाचल्याशिवाय सही करू नका. अक्षर बारीक असेल तर उजेडात न्या. शब्द अडला तर विचारा. 'घाई करा, उद्या भाव वाढेल' असे तो म्हणाला, तर कागद परत द्या. आणि बेणे परदेशातून आणलेले असेल तर सरकारी परवाना पाहायला मागा. २००३ सालच्या आदेशाप्रमाणे परदेशी बेणे तपासणीशिवाय देशात आणता येत नाही. त्याबरोबर रोग येतो, म्हणून हा नियम.

मग आपण काय करावे? आपल्या दारातला सुरण आहेच की! त्याचे कोन्न्याकू होत नाही, कारण ते चिकट सत्त्व सुरणात फार थोडे. सुरणात पिठूळ भाग जास्त. म्हणजे तो पोटाला आधार देणारा. आंध्रातल्या कोव्वूरचा 'गजेंद्र' नावाचा सुरण कमी खाजतो. केरळात तिरुवनंतपुरमला कंदपिकांची मोठी संशोधन संस्था १९६३ पासून आहे. तिनेही चांगल्या जाती काढल्या आहेत.

सुरण लावण्याची रीत सोपी आहे. पावसाच्या आधी खड्डे घ्या. शेणखत आणि पालापाचोळा भरा. अर्धा ते एक किलोचे बेणे घ्या. मोठा कंद कापायचा असेल तर प्रत्येक तुकड्याला माथ्यावरच्या डोळ्याचा भाग आला पाहिजे. तुकडे शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा आणि मग लावा. दोन खड्ड्यांत साधारण तीन फूट अंतर ठेवा. वर पाचोळा पसरा. पाणी तुंबू देऊ नका. आठ-नऊ महिन्यांनी पान पिवळे होऊन लोळले की कंद काढा. जखम झालेला कंद आधी खा. धड कंद कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. आणि त्यांतले चांगले कंद बेण्यासाठी बाजूला काढा. घरात पाहुणे आले तरी बेण्याला हात लावायचा नाही. गुन्माचा शेतकरी बेणे चुलीच्या उबेत ठेवत असे, हे आठवा.

शेवळांचेही तसेच. रानातून कोंब आणा, पण खालचा कंद उपटू नका. सगळेच कोंब खुडू नका. काही तसेच राहू द्या. त्यांना फळे धरतील, बी पडेल. पुढच्या पावसात आपल्या लेकरांनाही भाजी मिळाली पाहिजे ना?

आणि एक वही करा. कंद केव्हा लावला, किती वजनाचा लावला, केव्हा काढला, किती भरला, काय भावाने गेला. पाच ओळी पुरेत. वाकडे अक्षर असले तरी चालेल. दोन-तीन वर्षांत ती वहीच तुम्हांला सांगेल, की कोणत्या जागेत सुरण पोसतो आणि कोणत्या जागेत कुजतो. मग रंगीत चित्रे घेऊन येणाऱ्याला दाखवायला तुमच्याजवळही लिहिलेला कागद असेल.

हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, अशी म्हण आहे. पळत्याकडे पाहू नये, असे मात्र ती म्हणत नाही. पाहा, विचारा, वाचा. जपानी शेतकऱ्याची जपणूक घ्या. नाकाजिमाची नजर घ्या. परसात दोन खड्डे जास्त घ्या, आणि या पावसाळ्यात सुरण लावा.